मोडीचे तांबे : पुण्याच्या तांबट आळीचा पूर्वेतिहास

पश्चिम महाराष्ट्राच्या जमिनीत तांबे नाही. दख्खनचे पठार ज्या काळ्या बेसाल्टचे बनले आहे त्यात खाण चालवावी असे तांब्याचे साठे सापडत नाहीत, आणि तरीही या पठारावरील खात्यापित्या घरांतून शतकानुशतके तांब्यापितळेची भांडी फडताळभर असत, देवघरात ताम्हन, पळी आणि पंचपात्री असत, न्हाणीघरात घंगाळ असे आणि हंडा-कळशी दिल्याशिवाय लेकीची पाठवणी होत नसे. हा सारा धातू बाहेरून आलेला होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात तांबे आणि कथील यांची नोंद आहे. सतराव्या शतकात डच कंपनी नागासाकीहून आणलेले जपानी तांबे सुरतेस विकत असे. आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने कॉर्नवॉलच्या खाणींतील तांबे हिंदुस्थानात आणून विकण्याचा धंदा वाढवला. समुद्रापलीकडून आलेला आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढलेला हा धातू एकदा देशावर पोहोचला की तो फेकून देण्याची कल्पनाही कोणाला परवडणारी नव्हती.

तांबटांच्या धंद्याचा इतिहास बहुधा हातोड्याच्या कौशल्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ते कौशल्य मोठे आहे यात शंका नाही, परंतु त्या धंद्याला शेकडो वर्षे जगवले ते मोडीच्या व्यवहाराने, आणि या व्यवहाराकडे अभ्यासकांचे लक्ष फारच थोडे गेले आहे. फुटके, गळके, चेपलेले किंवा नकोसे झालेले भांडे धातूच्या भावाने परत घेतले जाई, त्याला मोड म्हणत. गिऱ्हाईक मोड घेऊन दुकानात आले की ती तराजूत पडे, कल्हई, डाग आणि मळ यांपोटी काही घट धरली जाई, नव्या धातूहून थोडा उतरता भाव लावला जाई, आणि नव्या भांड्याच्या किमतीतून ती रक्कम वजा करून उरलेला फरक आणि घडणावळ, म्हणजे कारागिराच्या मेहनतीचा मोबदला, एवढेच रोख चुकते करावे लागे. गिऱ्हाईक पैसे मोजत असे ते मुख्यतः मेहनतीचे. धातू त्याचाच होता आणि तो आकार बदलून त्याच्याच घरी परत जात होता, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

यामुळे भांडे ही वापरण्याची वस्तू असतानाच साठवणीची पुंजीही होती. सोने ज्यांच्या आवाक्यात नव्हते अशा कुटुंबांत हंडे, पराती आणि तपेली हीच शिल्लक असे; अडचणीला ती सावकाराकडे गहाण पडत आणि सुगी चांगली झाली की सुटून येत. भांड्याच्या काठावर किंवा गळ्याखाली मालकाचे नाव टाचणीच्या टोकाने ठिपके पाडावेत तसे छिन्नीने कोरून घेण्याची रीत होती, आणि लग्नात आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव व साल घातलेले असे. मोडीत घातलेल्या भांड्यावरची ही नावे मुशीत विरघळून जात. काही ताम्रपटांचेही तसेच झाले असले पाहिजे, कारण अभ्यासकांना ताम्रपट हाती लागल्याच्या ठिकाणांत तांबट-कासारांची दुकानेही आहेत, आणि तेथवर वेळेत कोणी न पोहोचल्याने किती दानपत्रे कळशीच्या बुडात गेली असतील याचा विचार इतिहासाच्या अभ्यासकाला अस्वस्थ करतो.

दुष्काळात या पुंजीची खरी परीक्षा होई. 1876-78 च्या मोठ्या दुष्काळात दख्खनमधील कुटुंबांनी गुरांमागोमाग दागिने आणि भांडीही विकायला काढली. सगळ्यांनी एकाच वेळी मोड बाजारात आणली की तिचा भाव कोसळे, आणि ज्या भांड्याने चार महिन्यांचे धान्य मिळावे त्याने चार आठवडेही निभत नसत. दुसरीकडे तांबटाला धातू स्वस्त मिळाला तरी नवे भांडे घेणारे गिऱ्हाईकच उरलेले नसे. अशा वर्षांत घराबरोबर कारागीरही बुडत असे.

पुण्यात हा धंदा वाढला तो पेशवाईत. बाजीराव पेशव्यांनी 1730 साली शनिवारवाड्याचा पाया घातला आणि पुणे हे राज्यकारभाराचे केंद्र झाल्यावर गावाच्या जुन्या वस्तीत, म्हणजे कसब्यात, तांबटांची आळी नांदू लागली. हे कारागीर त्वष्टा कासार समाजाचे. कोकणातून वर आलेली घराणी त्यांत बरीच होती, असे परंपरा सांगते, आणि कालिका ही या समाजाची देवी. वाड्यावरच्या जेवणावळींना लागणारी मोठी पातेली, देवस्थानांची अभिषेकपात्रे, फौजेबरोबर जाणारी स्वयंपाकाची आणि पाण्याची भांडी, नगाऱ्यांची तांब्याची खोडे अशी मागणी राजधानीत सतत राहिली. नाणेही त्याच धातूचे होते. शिवाजी महाराजांपासून चालत आलेली तांब्याची शिवराई पेशवाईतही पाडली जात होती, आणि तिच्यातील तांब्याला स्वतःची किंमत असल्याने बाजारात तांबे महागले की नाणे मुशीकडे वळवण्याचा मोह आवरत नसे. भांडे, नाणे आणि मोड यांच्यामधून एकच धातू फिरत होता.

येथे तांबट आणि ओतारी यांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. तांबट पत्रा ठोकून पोकळ भांडे उभे करतो, तर ओतारी धातू वितळवून साच्यात ओततो आणि घंटा, समया, मूर्ती, कड्या अशा भरीव किंवा जाड वस्तू करतो. तोफा हे ओतकामच होते, आणि गरजेच्या वेळी मंदिरातील घंटा व घरातील भांडी यांचा धातू तोफेत जाणे हे जगात सर्वत्र घडले आहे. महाराष्ट्रात मात्र याच्या अगदी उलट एक गोष्ट घडली, ती नोंदवण्याजोगी आहे : 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगिजांच्या चर्चमधील घंटा वितळवल्या न जाता देशावर आणल्या गेल्या आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरासारख्या देवळांत टांगल्या गेल्या.

मोडीपासून भांडे होईपर्यंतची वाट लांब होती. आधी निवड करावी लागे, कारण शुद्ध तांब्याच्या मोडीत पितळेचा तुकडा किंवा जाड कल्हईचे कथील राहिले तर ते तांब्यात मिसळून धातू कडक होतो आणि ठोकताना त्याला चिरा जातात. तांबे सुमारे 1,085 अंश सेल्सिअसला वितळते. कोळशाच्या भट्टीत भात्याचा वारा सतत चालू ठेवल्याशिवाय ही उष्णता साधत नाही. पितळेची अडचण निराळी होती. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण, आणि जस्त 907 अंशांनाच उकळू लागते. त्यामुळे पितळेची मोड वितळवली की त्यातील थोडे जस्त पांढऱ्या धुरावाटे उडून जाई आणि मिश्रण तांबूस पडे, तेव्हा ओताऱ्याला नव्याने जस्त घालून ते सावरावे लागे. मुशीच्या तोंडाशी उठणाऱ्या धुराचा आणि वितळलेल्या धातूचा रंग पाहून हे प्रमाण ठरत असे. हे ज्ञान लिहिलेले नव्हते, पण ते अचूक होते, अन्यथा तीच मोड पिढ्यान्‌पिढ्या फिरवता आली नसती.

ओतलेली तांब्याची लगड तापवून ऐरणीवर जड घणांनी आळीपाळीने ठोकत पत्रा केला जाई. तांबे ठोकले की कठीण होते आणि तापवले की पुन्हा मऊ पडते, या एका गुणावर तांबटाचे सारे काम चालते. लाल होईपर्यंत तापवलेले तांबे पाण्यात बुडवले तरी पोलादासारखे कडक होत नाही, म्हणून ठोकणे, तापवणे आणि विझवणे हा क्रम हवा तितक्या वेळा करता येतो. मोठे भांडे एका पत्र्यातून उठत नाही. बूड, पोट आणि गळा वेगळे घडवून त्यांच्या कडांना दाते पाडतात, ते एकमेकांत अडकवून ठोकतात आणि टाकणखार लावून पितळेच्या जातीच्या डागाने झाळतात. जुन्या हंड्याच्या अंगावर आतून पाहिले तर ही दातेरी रेघ पिवळसर दिसते.

शेवटचे काम मठारण्याचे. भांडे लोखंडी खुंट्यावर उलटे बसवून गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने त्यावर ठोक्यांच्या ओळी घातल्या जातात, प्रत्येक ठोका शेजारच्या ठोक्याला जेमतेम भिडेल असा, आणि भांडे डाव्या हाताने सावकाश फिरत राहते. आज या ठोक्यांकडे नक्षी म्हणून पाहिले जाते. मुळात त्यांचे काम बळ देण्याचे होते, कारण झाळताना मऊ पडलेले तांबे मठारल्याने पुन्हा ताठ होते आणि पातळ पत्र्याचे भांडेही पाण्याच्या भाराने चेपत नाही. एक ठोका चुकला तर तो पुसता येत नाही. घरी गेल्यावर स्वयंपाकाच्या भांड्याला आतून कल्हई लागे : तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचे. आंबट पदार्थ तांब्यापितळेला खाऊन कळकतात, म्हणून ही कल्हई वर्षातून एकदोनदा तरी करून घ्यावी लागे.

एकोणिसाव्या शतकात या वाटेचा पहिला भाग तांबटाच्या हातून गेला. युरोपातील गिरण्यांत लाटलेला तांब्याचा आणि पितळेचा पत्रा मुंबई बंदरात उतरू लागला, 1863 साली बोरघाटाचा चढ पूर्ण होऊन मुंबई-पुणे लोहमार्ग सलग झाला, आणि लगड ठोकून पत्रा करण्याचे घामाचे काम अनावश्यक ठरले. मुंबईत मुंबादेवीजवळचा तांबाकाटा ही या व्यापाराची पेठ. जॉर्ज बर्डवुड यांनी 1880 मध्ये हिंदुस्थानच्या कलाकौशल्यावर लिहिलेल्या ग्रंथात मुंबादेवीच्या तळ्यासमोरील तांब्याच्या बाजाराचे गजबजलेला आणि आनंददायक रस्ता असे वर्णन केले आहे. पत्रा आयता मिळाल्याने भांडी वाढली, स्वस्त झाली, आणि काही काळ तांबट आळीला बरकतच आली. परंतु मोड आणि नवे भांडे यांच्यामध्ये जो एकच हात होता तेथे आता दोन गोष्टी आल्या, दूरची गिरणी आणि मधला व्यापारी. ओतारी मोड वितळवत राहिला. तांबट मात्र मोड घेऊन व्यापाऱ्याला देणारा आणि व्यापाऱ्याकडून पत्रा घेणारा झाला. इतिहासकारांनी यंत्राने कारागिराला मारले असे सरसकट लिहिले आहे. तांबटाच्या बाबतीत त्याचा कणा मोडला तो पुढे, आणि तोही मोडीच्याच वाटेने.

विसाव्या शतकात पुण्याच्या तांबटांची ओळख झाली ती बंबाने. मधोमध निखाऱ्यांची उभी नळी, तिच्याभोवती पाणी आणि खाली तोटी अशी रचना असलेला हा तांब्याचा बंब शहरी मराठी घरांत आंघोळीच्या पाण्यासाठी सर्वत्र पोहोचला, आणि त्यातील अनेक जोडांमुळे तो गिरणीपेक्षा हातानेच चांगला होत असे. गॅस आणि विजेच्या शेगड्या आल्यावर बंब अडगळीत गेला. त्याआधीच अॅल्युमिनियम आले होते आणि स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत स्टेनलेस स्टील आले, ज्याला ना कल्हई लागत होती ना चिंच लावून घासण्याचा खटाटोप. घराघरांतून तांब्यापितळेची भांडी मोडीत निघाली, तराजूत पडली, आणि त्यांच्या बदल्यात स्टीलचे डबे, पेले, ताटे घरी आली. पिढ्यांनी जमवलेली पुंजी नव्या धातूच्या खरेदीला लागली आणि ज्या व्यवहाराने तांबटाला शेकडो वर्षे गिऱ्हाईक परत आणून दिले होते त्याच व्यवहाराने ते कायमचे नेले. बायकांच्या कष्टांत झालेली घट लक्षात घेता या बदलाला दोष देणे अन्यायाचे होईल. घासून आणि उचलून हात दुखणाऱ्यांनी केलेली ही निवड होती.

गेल्या काही दशकांत तांबट आळीतील हातोडा नव्या मागणीवर चालतो आहे. वारसा जपणाऱ्या संस्था आणि रचनाकार यांच्या मदतीने मठारकामाचे दिवे, तबके, पाण्याचे जग, फुलदाण्या अशा वस्तू होऊ लागल्या आहेत, त्या प्रदर्शनांत आणि शहरी दुकानांत हस्तकला म्हणून विकल्या जातात, आणि मूठभर घराण्यांचे पोट त्यावर भरते, हे मोलाचे आहे. या वस्तूंचा हिशेब मात्र जुन्या हिशेबाहून पूर्ण वेगळा आहे. पूर्वी किमतीत धातू मोठा आणि घडणावळ लहान होती, आता रचना आणि हातकाम यांची किंमत मोठी आणि धातूची लहान. पूर्वी गिऱ्हाईक मोड घेऊन त्याच दुकानात फिरून येई, आता ते एकदाच येते. तांबे काळवंडू नये म्हणून काही वस्तूंवर पारदर्शक लेप चढवलेला असतो, त्यात लाकूड किंवा अन्य साहित्य बसवलेले असते, आणि मोड म्हणून तोलायला अशी वस्तू गैरसोयीची ठरते. हातकामाला मिळालेला हा मान तांबटाला फार उशिरा मिळाला आणि तो त्याचा हक्काचा आहे. पण घडणावळीची ही नवी किंमत पत्र्याच्या चढत्या भावाबरोबर वाढत गेली नाही तर हातोडा उचलणारी पुढची पिढी तयार होणार नाही, आणि आळीतील मुलगे शिकूनसवरून नोकरीला लागण्याचे कारणही नेमके हेच आहे.