तुल्मा
अँडीज पर्वतप्रदेशातील आयमारा व केचुआ स्त्रियांचा, वेण्यांच्या टोकांना बांधायचा गोंडेदार लोकरी दोर.

पेरू, बोलिव्हिया या देशांच्या पठारी भागात तो प्रामुख्याने आढळतो. या प्रदेशात लोकरीच्या वेणकामाची परंपरा स्पॅनिश आगमनापूर्वीची आहे. पेरूच्या कोरड्या किनारपट्टीवरील दफनांत विणलेले शिरोबंध व गोफ टिकून राहिले आहेत (पहा : पराकास संस्कृती). मेंढीची लोकर सोळाव्या शतकात स्पॅनिशांबरोबर आली. त्याआधी मुख्यतः लामा व अल्पाका यांची लोकर वापरात होती.

चातीवर कातलेल्या सुताला दुहेरी पीळ देऊन त्याचा गोफ हाताने विणतात आणि टोकांना गोंडे जोडतात. काही भागांत मणीही ओवतात. तांबडा रंग निवडुंगावर वाढणाऱ्या कोशिनील किड्यांपासून, निळा निळीपासून, तर हिरवा व पिवळा स्थानिक वनस्पतींपासून काढतात. कोशिनीलमध्ये आंबट पदार्थ वा क्षार मिसळून नारिंगीपासून जांभळ्यापर्यंत छटा मिळतात; अँडीजच्या रंगकामातील हे सर्वांत लक्षणीय कौशल्य होय. 1856 नंतर कृत्रिम रंगांचा, पुढे कृत्रिम धाग्याचाही प्रसार झाला. शहरी आयमारा स्त्रियांच्या पेहरावात मात्र काळे वा तपकिरी तुल्मे रूढ आहेत (पहा : पोयेरा).

दोन वेण्यांची टोके पाठीवर एकत्र राखणे हा त्याचा मूळ उपयोग. प्रदेशागणिक रंग व घडण बदलते. एक्वादोरमधील ओताव्हालो येथे केसांभोवती विणलेली लांब फीत गुंडाळतात (पहा : आगवळ, ताकिले बेट).