बटणं कसली लावायची?

घरी बनवलेली गाडी म्हटलं की आपल्याकडे दोन नावं हमखास निघतात. एक इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. १९४९ मध्ये त्यांनी आपल्या छोट्या गाडीचा पहिला नमुना केला आणि पुढे सत्तरच्या दशकापर्यंत ‘मीरा’ सुधारत नेली. बारा हजारांत सामान्य माणसाला गाडी मिळावी हे त्यांचं स्वप्न होतं, पण कारखाना काही उभा राहिला नाही. दुसरे सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार. त्यांनी भंगारातून सुमारे साठ हजारांत चारचाकी केली, तीही दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी! २०२१ च्या डिसेंबरात ती देशभर गाजली आणि २०२२ च्या जानेवारीत आनंद महिंद्रा यांनी ती घेऊन त्यांना बोलेरो दिली.

अशा गाड्या बघताना आपण इंजिन बघतो, चाकं बघतो. चालकासमोरच्या बटणांकडे कोणी बघत नाही. माझंही लक्ष गेलं नसतं, पण आमचा पुतण्या इथे आरोंद्यात मागच्या पडवीत एक छोटी गाडी जुळवतो आहे. परवा त्याने विचारलं, "काका, घरातली बटणां लायली तर चालतली मा?" मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला मास्तर, विजेतलं मला काय कळणार! पण इतिहासाची खोड जुनी, म्हणून शोधत बसलो.

सुरुवातीला गाडीला स्टार्टरचं बटण नव्हतंच. पुढून हँडल घालून फिरवायचं, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर आला आणि हळूहळू हँडल मागे पडलं. महायुद्धातल्या विलिज जीपला तर स्टार्टर पायाने दाबावा लागे, आणि दिवे खाली-वर करायचा डिपरही डाव्या पायाशीच असे.

मग बऱ्याच गाड्यांत समोरच्या फळीवर दांडीच्या खटक्यांची रांग आली. विमानासारखी ऐटबाज! पण टक्कर झाली की पुढे फेकल्या गेलेल्या माणसाला त्याच दांड्या लागत. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांच्या पुस्तकाने अमेरिकेत खळबळ उडवली, १९६६ मध्ये कायदा झाला आणि १९६८ पासून नियम लागू झाले. पट्टा बांधून बसलेल्या चालकाचा हात बटणांपर्यंत पोचला पाहिजे, हाही त्यातलाच एक नियम. इंग्लंडच्या एम.जी.बी.लाही अमेरिकेत विकण्यासाठी फळी बदलावी लागली. दांड्या जाऊन चपटी, दाबायची बटणं आली.

आता पुतण्याचा प्रश्न. घरातली बटणंही चपटीच, मग बिघडलं कुठे? इथे सोपं गणित आहे. घरात वीज २३० व्होल्टची, म्हणून ६० वॅटचा दिवा जेमतेम पाव अँपिअर घेतो. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. तोच ६० वॅटचा दिवा तिथे ५ अँपिअर घेतो, आणि पुढचे दोन दिवे मिळून १०. घरचं साधं बटण ५-६ अँपिअरचं. ते तापणार, आतली टोकं जळणार, आणि ऐन अंधारात दिवे जाणार. त्यात आमच्या तेरेखोलच्या खाडीची खारी हवा आणि रस्त्याचे हादरे!

यावर उपाय रिलेचा. बटणाने फक्त रिलेला इशारा द्यायचा, दिव्यांचा भार रिलेने उचलायचा. प्रत्येक फाट्याला आपला फ्यूज, आणि मुख्य फ्यूज बॅटरीजवळ, म्हणजे वायर कुठे घासली तरी आगीचा धोका कमी. दिवे, वायपर आणि पंख्याची बटणं हाताला वेगवेगळी लागतील अशी हवीत. रात्री पावसात बटण डोळ्यांनी शोधायला गेलं की नजर रस्त्यावरून सुटते.

पुतण्याला खरं म्हणजे पितळी दांडीचे खटके आवडले होते. मी त्याला म्हटलं, बाबा, तुझी दोन पोरं पुढे बसायचा हट्ट धरणार आहेत, त्यांची कपाळं नेमकी कुठे येतात ते आधी मोजून बघ. त्याने खरोखरच पोरांना बसवून टेप लावली. आता चपटी बटणं आणि रिले आणायला तो सावंतवाडीला जाणार आहे. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर काढता येत नाही, म्हणून ती फिरणार आमच्या माडांच्या बागेतच. पण पोरं बागेतही बसणारच ना!