लातूर पॅटर्न आणि मराठवाड्यातील उच्च माध्यमिक विज्ञान अध्यापन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मराठवाड्यातील विज्ञान शिक्षणाचा इतिहास लिहिताना 'लातूर पॅटर्न' टाळता येत नाही. तथापि त्याची चर्चा बहुधा गुणवत्ता यादीपुरती मर्यादित राहिली. प्रस्तुत निबंधात त्याचा विचार अध्यापनपद्धती म्हणून केला आहे. परीक्षेचे स्वरूप बदलले तेव्हा या पद्धतीतील कोणते अंग टिकले व कोणते गळाले, हा येथील मुख्य प्रश्न होय.

पार्श्वभूमी :
निजाम राजवटीत उच्च शिक्षण उस्मानिया विद्यापीठाच्या (1918) उर्दू माध्यमाशी जखडलेले होते. 1923 चे औरंगाबादचे इंटरमीजिएट महाविद्यालय वगळता मराठवाड्याला हैदराबादकडेच पाहावे लागे. मुक्तीनंतर नांदेडला पीपल्स कॉलेज (1950), औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ (1958) व लातूरला राजर्षी शाहू महाविद्यालय (1970) स्थापन झाले. म्हणजे लातूरच्या वर्गात बसलेल्या अनेक मुलांच्या घरी भौतिकशास्त्राचे पुस्तक प्रथमच येत होते.

विवेचन :
या पद्धतीच्या संदर्भात संस्थापक प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे व प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांची नावे घेतली जातात. पद्धतीत गूढ असे काही नव्हते. अभ्यासक्रम लवकर पूर्ण करणे, मंडळाच्या धर्तीवर वारंवार सराव परीक्षा घेणे, उत्तरपत्रिका तपासून चुका विद्यार्थ्यास समोर बसवून दाखविणे, एवढेच तिचे सूत्र. त्या काळी वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेश बारावीच्या गुणांवर ठरत. त्यामुळे सिद्धता, आकृती व व्युत्पत्ती लिहूनच काढाव्या लागत. पाठांतराचा आरोप या पद्धतीवर झाला व तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु लिहिलेले उत्तर शिक्षकाने वाचणे हाच तिचा कणा होता, याकडे टीकाकारांचे दुर्लक्ष झाले, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पुढे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आली आणि 2017 पासून वैद्यकीय प्रवेश 'नीट'वर होऊ लागले. सराव टिकला, किंबहुना वाढला. उत्तरपत्रिका मात्र गेली. पर्यायावर खूण करणाऱ्या विद्यार्थ्याची चूक कोठे झाली, हे आता गुणांवरून कळत नाही. वर्गाची जागा खासगी शिकवणीने घेतली. 2018 मध्ये राज्य शासनाला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला, यातच सर्व आले.

याची सर्वाधिक झळ प्रयोगशाळेस बसली. नांदेड-देगलूर मार्गावरील नायगावसारख्या तालुक्याच्या गावी प्रवेश घ्यायचा आणि राहायचे मात्र लातूर वा नांदेडच्या खोलीत, ही रीत आता परिचयाची आहे. मंडळाच्या परीक्षेत प्रात्यक्षिकास प्रत्येक विषयात 30 गुण आहेत. नीटच्या 720 गुणांत त्यास एकही नाही. अनुमापनावरील गणित असा विद्यार्थी मिनिटभरात सोडवितो. ब्युरेटची तोटी मात्र त्याने प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळीच प्रथम हाती धरलेली असते, आणि फिकट गुलाबी रंग आला म्हणजे थांबावयाचे, हे त्याला शेजारच्या टेबलाकडे पाहून समजते.