फुप्फुसक्षमतेतील घट (लोकसंख्येतील प्रमाण)

छाती भरून घेतलेला श्वास जोराने सोडल्यावर बाहेर पडणारी हवा वय, लिंग व उंचीनुसार अपेक्षित मापापेक्षा कमी भरणे. ही हवा स्पायरोमीटरने मोजतात. जॉन हचिन्सन यांनी 1846 मध्ये या उपकरणाचा उपयोग मांडला. घट दोन तऱ्हांची असते. श्वासनलिका अरुंद होऊन हवा रखडली तर तो अवरोध. दुसरीत वेग ठीक, पण एकूण हवाच थोडी.

अवरोध किती जणांत आढळतो, हे कसोटीवर ठरते. पहिल्या सेकंदातली हवा एकूण हवेच्या 70 टक्क्यांहून कमी, ही सोपी कसोटी वापरली तर बरेच धडधाकट म्हातारेही रुग्णांत मोजले जातात. म्हणून वयानुसार काढलेली किमान मर्यादा अधिक विश्वासार्ह. ‘बोल्ड’ या बहुदेशीय पाहणीत चाळिशीपुढील पुरुषांत सरासरी 11.2 टक्के व स्त्रियांत 8.6 टक्के अवरोध आढळला. भारतातून मुंबई, पुणे, म्हैसूर व श्रीनगर ही केंद्रे तीत होती. देशभरात 2016 मध्ये दीर्घकालीन अवरोधी फुप्फुसविकाराचे (सीओपीडी) सुमारे 5.5 कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आहे.

आपल्याकडे मात्र अवरोधापेक्षा दुसऱ्या तऱ्हेकडे अधिक लक्ष द्यायला हवे. आयुष्यात कधी धूम्रपान न केलेल्यांच्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दक्षिण आशियाई लोकांची पहिल्या सेकंदातली हवा, वय-उंची जमेस धरूनही, युरोप-उत्तर अमेरिकेतील लोकांपेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी कमी भरली. ‘बोल्ड’मध्येही लहान फुप्फुसांचे प्रमाण गरिबीबरोबर वाढते. तरीही ‘भारतीयांची फुप्फुसे मुळातच लहान’ असे गृहीत धरून वंशानुसार वेगळे अपेक्षित माप वापरण्याची रीत दीर्घकाळ चालली. तिने कुपोषण आणि धूर यांची हानी नॉर्मल ठरवली. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने 2023 मध्ये वंशनिरपेक्ष मापाची शिफारस केली.

बिडी-सिगारेट हेच कारण, हा समज पुणे परिसरातील खेड्यांत टिकला नाही. तिथल्या एका पाहणीत सीओपीडीच्या रुग्णांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक जणांनी कधीच धूम्रपान केलेले नव्हते. चुलीत लाकूड, गोवऱ्या, काटक्या जाळून बंद घरात कोंडणारा धूर आयुष्यभर छातीत जातो, विशेषतः बायकांच्या. बरा होऊन गेलेला क्षयही फुप्फुसावर वण ठेवतो. धंद्यातली धूळ हे तिसरे कारण. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस कारखाने अधिनियम, 1948 मधील सूचनीय (सरकारला कळवणे बंधनकारक) रोगांत होता. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत तो अभ्यासला गेला. कर्नाटकातला धारवाड भागही जुना कापूसपट्टा, आणि तिथल्या जिनिंगच्या (सरकी काढण्याच्या) कामगाराला हीच धूळ लागते.

प्रश्नावलीने काढलेले आकडे स्पायरोमीटरच्या मोजणीपेक्षा कमी येतात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इन्सर्च’ या भारतीय पाहणीत पस्तिशीपुढील 3.49 टक्के लोकांत दीर्घकालीन ब्राँकायटिस नोंदला गेला. धाप लागणे हे म्हातारपणाचे लक्षण मानून माणसे ते सांगतच नाहीत, आणि फुंकून घेतलेल्या चाचणीशिवाय सुरुवातीची घट सापडत नाही.