पांढरे उंदीर आणि परळची वाट : रक्तपेशींच्या पुनर्निर्मितीच्या संशोधनाचा इतिहास

प्रस्तावना :
उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील अनेक कर्करुग्ण मध्य रेल्वेने परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचारांसाठी जातात. केमोथेरपीच्या प्रत्येक मात्रेपूर्वी त्यांचे रक्त तपासले जाते. पांढऱ्या पेशी पुरेशा भरून आल्या नसतील, तर अनेकदा मात्रा पुढे ढकलावी लागते व रुग्णाला आल्या पावली परतावे लागते. या निर्णयामागील ज्ञान प्रामुख्याने प्रयोगशाळेतील उंदरांकडून मिळाले आहे. त्याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक आढावा :
किरणोत्सर्गामुळे अस्थिमज्जा निकामी होते, हे १९४५ च्या अणुबॉम्बहल्ल्यांनंतर प्रकर्षाने जाणवले. १९४९ मध्ये शिकागो येथे लिऑन जेकबसन यांनी उंदरांची प्लीहा शिशाने झाकून त्यांना प्राणघातक मात्रा दिली. संरक्षण न लाभलेले उंदीर मेले. झाकलेल्यांपैकी बहुसंख्य जगले. १९५१ मध्ये एगॉन लॉरेन्झ यांनी निरोगी मज्जा टोचून तसाच परिणाम साधला. हा गुण एखाद्या द्रवाचा की पेशींचा, हा वाद १९५६ मध्ये मिटला. दात्याच्याच पेशी रुजतात, हे गुणसूत्रांच्या खुणेवरून सिद्ध झाले. १९६१ मध्ये टोरांटोच्या टिल व मॅक्युलॉक यांना उंदरांच्या प्लीहेवर रक्तपेशींच्या गाठी आढळल्या. प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढते, हे पुढे स्पष्ट झाले व मूलपेशींच्या संकल्पनेला आधार मिळाला.

केमोथेरपीचा मार्गही असाच होता. १९४२ मध्ये येल विद्यापीठात नायट्रोजन मस्टर्डचा प्रयोग रुग्णाआधी उंदरावर झाला. ही औषधे कर्कपेशींबरोबर मज्जेतील वाढत्या पेशीही मारतात. अनेक औषधांनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी नीचांक गाठतात व तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सावरतात. दोन मात्रांमधील अंतराचे हे एक प्रमुख कारण होय.

मुंबईतील वाटचाल :
१९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथे डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांवरील कर्करोग संशोधनाचा पाया घातला. १९८३ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपण यशस्वी केले. उंदरांवर सुरू झालेला विचार अशा रीतीने परळच्या रुग्णशय्येपर्यंत पोहोचला.

समारोप :
१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने असे प्रयोग वर्ज्य ठरविले नाहीत. मात्र अनावश्यक वेदना टाळण्याचे बंधन घातले. हे बंधन काटेकोरपणे पाळणे, हीच त्या मूक जिवांच्या ऋणाची खरी जाणीव ठरते. बदलापूरहून पहाटे निघालेल्या रुग्णाच्या हातातील रक्ताचा अहवाल त्याच ऋणाची साक्ष देतो.