तारेचा निर्मळ स्वर : मिरजेची जवारी आणि विजेची गिटार

पुण्याहून मिरजेकडे जाणारा लोहमार्ग साताऱ्यानंतर कोरेगाव घेतो आणि रहिमतपूर, मसूर, कऱ्हाड करीत कृष्णेच्या खोऱ्याने दक्षिणेस उतरतो. ह्या टापूतील गावोगावी एकादशीच्या रात्री भजन उभे राहते, तेव्हा टाळमृदंगाच्या कल्लोळातही एक बारीक, अखंड नाद कानी येत असतो. विणेकऱ्याच्या खांद्यावरील वीणेचा तो नाद होय. टाळांपुढे त्याची शक्ती ती किती! तरीही तो बुडत नाही. तारेचा आवाज मोठा करणे हे एक काम आणि तो निर्मळ, बांधीव व ओळखू येण्याजोगा राखणे हे अगदी दुसरे काम, ही गोष्ट त्या नादावरून ध्यानात यावी. ह्या दुसऱ्या कामाचे शास्त्र ह्याच लोहमार्गावर पुढे मिरजेत एकोणिसाव्या शतकात रुजले. आणि तोच प्रश्न विसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतील विजेच्या गिटारीपुढे निराळ्या वेषात येऊन उभा राहिला. दोहोंचा इतिहास शेजारी ठेवून पाहिला असता पुष्कळ बोध होतो.

मिरजेत ह्या विद्येचा उगम झाला तो शस्त्रांच्या धंद्यातून. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना पाणी देणारे, त्यांना धार लावणारे कारागीर. मराठेशाही मावळली, लढाया संपल्या, आणि शस्त्रांचे गिऱ्हाईक नाहीसे झाले. कानस, पटाशी आणि बोटांतील नाजूक अंदाज एवढे भांडवल मात्र शिल्लक होते. पटवर्धनांच्या संस्थानात गवयांना आश्रय होता. उत्तरेकडून येणाऱ्या कलावंतांची वाद्ये प्रवासात मोडत, उसवत, आणि ती दुरुस्त करणारा माणूस जवळपास मिळत नसे. सुमारे 1850 च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार व त्यांचे बंधू मोइनुद्दीन ह्यांनी ही दुरुस्ती हाती घेतली आणि लवकरच ते स्वतः तंबोरे व सतारी घडवू लागले. फरीदसाहेबांच्या नावापुढे 'सतारमेकर' हे बिरुद लागले, ते पुढे कुलनामच होऊन बसले. जो हात पोलादाची धार पारखीत होता तोच आता तारेची धार पारखू लागला.

तंबोऱ्याची घडण वरवर साधी दिसते. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस पिकणारा मोठा कडू भोपळा वाळवून त्याचा तुंबा करावयाचा, त्यावर तुणीच्या लाकडाची तबकडी बसवावयाची, तुणीचीच पोकळ दांडी जोडावयाची, खुंट्या लावून चार तारा ताणावयाच्या. परंतु एवढे करून जे हाती येते ते वाद्याचे शरीर. प्राण येतो तो घोडीवर. ही घोडी सतारीच्या वा व्हायोलिनच्या घोडीशेजारी ठेवून पाहावी. व्हायोलिनची घोडी सुरीच्या पात्यासारखी उभी व अरुंद असते, तार तिच्या कडेवरून एकदम सुटते. तंबोऱ्याची घोडी पाटासारखी रुंद असून तिच्या माथ्याला, म्हणजे हाडाच्या वा सांबरशिंगाच्या पृष्ठभागाला, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका बाक दिलेला असतो. सतारीची घोडी ह्याच कुळातली. तार त्या उतारावरून निसटता स्पर्श करीत पुढे जाते. ती कंप पावू लागली की क्षणोक्षणी त्या उताराला टेकते आणि उठते. तारेखाली सुताचा एक धागा सरकवून हा स्पर्श केसभर मागेपुढे करता येतो. ह्या सगळ्या व्यवस्थेला जवारी म्हणतात.

जवारी काढणे म्हणजे कानशीने व घोटणीने तो बाक इतका नेमका साधणे, की तार टेकावी पण अडू नये. उतार कमी पडला तर तार फार वेळ घासते. नाद खरखरीत होतो, भांडे वाजल्यासारखा. उतार जास्त झाला तर तार टेकतच नाही. नाद गोल पण मुका होतो. पहिलीस खुली आणि दुसरीस बंद जवारी म्हणतात, आणि गवई आपापल्या गळ्याप्रमाणे ह्या दोन टोकांमधली जागा निवडतो. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. कारागीर घोडीला काहीही जोडीत नाही. तो केवळ काढून टाकतो. स्वर स्वच्छ होतो तो भर घालून नव्हे, तर नको तेवढा अंश खरवडून.

ह्या कारागिरीत काय घडते त्याचा उलगडा 1921 मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी आपल्या तंतुवाद्यांवरील निबंधात केला. तार ज्या बिंदूत छेडावी त्या बिंदूत ज्या उपस्वरांची स्थिर गाठ पडते ते उपस्वर उमटू नयेत, असा टॉमस यंग ह्यांच्या काळापासूनचा नियम आहे. तंबोरा व वीणा ह्यांच्यावर रामन ह्यांना तेच वर्ज्य उपस्वर ठणठणीत ऐकू आले. रुंद घोडीशी तारेचा जो वारंवार संपर्क होतो, त्यामुळे मूळ कंपनातील शक्ती वरच्या उपस्वरांत वाटली जाते, हे त्याचे कारण. म्हणजे तंबोऱ्याची घोडी ही तारेच्या सरळ कंपनात मुद्दाम घातलेली एक मोजकी बिघाडीच होय.

ह्या बिघाडीचे फळ मात्र मधुर असते. खर्जाची तार सेकंदास 120 कंपने करीत असेल, तर तिचा पाचवा उपस्वर 600 कंपनांचा पडतो. दोन सप्तके वरचा षड्ज 480 चा, आणि 600 ला 480 ने भागले की सव्वा येतो. हाच स्वयंभू गांधार. हार्मोनियमचा समविभागी गांधार त्या ठिकाणी सुमारे 605 कंपनांचा असतो, आणि हे दोन एकत्र वाजले की सेकंदास पाच वेळा हेलकावे ऐकू येतात. 1910 मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध करणारे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि त्यांचे सहकारी, न्यायखात्यातील इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स, हे ज्या सूक्ष्म स्वरांच्या मोजमापात गढले होते, त्यांची खरी कसोटी निर्मळ जवारीच्या तंबोऱ्यावरच लागे. त्या प्रयोगांत साहाय्य करणारे अब्दुल करीम खाँ हे गवई तर होतेच, पण वाद्यदुरुस्तीतही निष्णात होते. 1937 मध्ये त्यांचे निधन झाले. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे.

आता विजेच्या गिटारीकडे वळू. 1930 नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेत रिकनबॅकर ह्यांच्या कारखान्यात ॲल्युमिनियमची एक हवाई गिटार तयार झाली. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक व तारेचे वेटोळे बसविलेले होते. तारेच्या कंपनाने वेटोळ्यात सूक्ष्म वीज निर्माण व्हावी, ती निर्वात नलिकांच्या ध्वनिवर्धकाने वाढवावी आणि ध्वनिक्षेपकाने ऐकवावी, अशी ती योजना होती. ध्वनिवर्धकावर त्याच्या शक्तीपलीकडे भार टाकला की स्वरलहरींचे माथे छाटले जात आणि नादात एक फाटकी धार येई. यंत्रज्ञ तिला दोष समजत. वादकांना मात्र त्या दोषात गुण दिसू लागला. लिंक रे ह्या अमेरिकन वादकाने 1958 मधील ध्वनिमुद्रणासाठी ध्वनिक्षेपकाच्या कागदी शंकूला पेन्सिलीने भोके पाडली. 1964 मध्ये इंग्लंडमधील डेव्ह डेव्हिस ह्याने तोच शंकू दाढीच्या पात्याने चिरला. मिरजेचा कारागीर कानशीने जे साधतो ते मिळविण्याचा हा आडदांड प्रयत्न होता, असे म्हणावयास हरकत नाही. छाटलेल्या लहरीतही मूळ कंपनाची शक्ती वरच्या उपस्वरांतच वाटली जाते.

पुढची पायरी बर्मिंगहॅममध्ये पडली. टोनी आयोमी हा डावखुरा तरुण पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असता 1965 मध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. त्याने वितळविलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या बोटांना बसविल्या, बारीक तारा लावल्या आणि पुढे त्या उतरवून सैल केल्या. 1970 मध्ये त्याच्या 'ब्लॅक सबाथ' ह्या संचाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. 'हेवी मेटल' ह्या संगीतप्रकाराचा आरंभ पुष्कळ अभ्यासक तिच्यापासून धरतात. परंतु खालचे सूर आणि छाटलेली लहर एकत्र आली की नाद चिखलासारखा होतो. खर्जात शक्ती अधिक, म्हणून तोच आधी छाटला जातो आणि वरच्या स्वरांना गिळून टाकतो. आयोमीने गिटार व ध्वनिवर्धक ह्यांच्यामध्ये एक लहानशी पेटी ठेवली. ती वरचे स्वर उचलून धरी व खर्ज मागे ठेवी.

त्यानंतरच्या वादकांनी हाच मार्ग अधिक रेखीव केला. 1970 च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये निघालेल्या 'ट्यूब स्क्रीमर' पेटीत सुमारे 720 कंपनांच्या खालील स्वरांना छाटणीचा वाटा कमी कमी मिळतो. ती पेटी ध्वनिवर्धकापूर्वी लावावी, तिची विकृती जवळजवळ शून्यावर ठेवावी, ध्वनिवर्धकाचे वर्धनही मन मागते त्याहून कमीच असू द्यावे, आणि उणा पडलेला खर्ज छाटणी झाल्यानंतर परत द्यावा, हा क्रम सर्वमान्य झाला. उजव्या तळहाताची कड घोडीपाशी तारांवर अलगद टेकून प्रत्येक आघात आखूड करणे ही त्याला हाताची जोड. तळहात जास्त दाबला तर तार मरते, कमी दाबला तर सांडते. पुन्हा तोच केसभराचा हिशेब. नवशिका वर्धनाची कळ फिरवीत राहतो आणि जितकी ती फिरवितो तितका स्वर विरघळत जातो.

ह्या संगीतात स्वरांची निवडही योगायोगाने झालेली नाही. छाटणाऱ्या यंत्रात दोन स्वर एकदम गेले की त्यांच्या कंपनांची बेरीज व वजाबाकी असलेले नवे स्वर उपजतात. षड्ज 120 चा व पंचम 180 चा असेल तर वजाबाकी 60 येते, म्हणजे खालच्या सप्तकातील षड्ज. बेरीज 300 येते, म्हणजे गांधार. सारे एकाच कुटुंबातले. पंचमाऐवजी समविभागी गांधार घेतला तर तो सुमारे 151 चा पडतो. वजाबाकी 31, बेरीज 271, आणि ह्यांचे षड्जाशी काही नाते जुळत नाही. म्हणून मेटल वाजविणारे षड्ज-पंचमाचीच जोडी धरून राहतात. तंबोऱ्यावरही शतकानुशतके पंचम आणि षड्ज हीच जोडी लावीत आले आहेत. मुंबईत 1986 मध्ये सुरू झालेल्या 'इंडिपेन्डन्स रॉक' ह्या उत्सवात ज्या तरुणांनी ही जोडी कानठळ्या बसेपर्यंत ऐकली, त्यांच्या आजोबांनी तीच तंबोऱ्यावर ऐकलेली असणे सहज शक्य आहे.

दोन परंपरांत भेद आहे तो विद्येच्या साठवणीचा. ध्वनिवर्धकाची रचना कागदावर उतरते. कोणता रोधक, कोणता संधारक, हे लिहून ठेवले की जगाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस ती पुन्हा उभारतो. जवारी अशी लिहिता येत नाही. तारा घोडीला हळूहळू खाच पाडतात, काही काळाने जवारी उतरते आणि ती पुन्हा काढावी लागते. म्हणजे तंबोरा एकदा विकत घेऊन भागत नाही; तो जिवंत राहावयास कारागीरही जिवंत असावा लागतो. 1979 च्या सुमारास बंगळुरात विजेचा तंबोरा तयार झाला, पुढे तो हातातल्या दूरध्वनीत येऊन बसला, आणि रियाजाची सोय झाली हे खरेच. पण त्या यंत्रातला नाद कधीकाळी कोणाच्या तरी कानशीखालून गेलेल्या जवारीचीच नक्कल आहे. नक्कल वापरून मूळ कारागिरास काम उरले नाही, तर पुढची नक्कल कशाची करावयाची?

2024 मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. नावाचे रक्षण त्याने होईल. विद्येचे रक्षण व्हावयाचे तर घराघरांत कोपऱ्यात उभे असलेले तंबोरे गवसणीतून बाहेर निघाले पाहिजेत, त्यांची जवारी वेळोवेळी काढून घेतली गेली पाहिजे, आणि कानशीखाली हात बसविणाऱ्या मुलांना त्या कामाचा पुरता मोबदला मिळाला पाहिजे. तलवारीचे गिऱ्हाईक गेले तेव्हा शिकलगारांच्या हाताला तंबोरा सापडला. तंबोऱ्याचे गिऱ्हाईक गेले तर त्या हाताला दुसरे काम कदाचित मिळेलही. निर्मळ स्वर ओळखणारा कान मात्र त्याबरोबर जाईल.