ढगांचं मापटं

३० मे २०२४ आठवतोय? नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं आणि आम्ही धास्तावलो. पुढे हवामान खात्यानं सांगितलं, संवेदकच बिघडला होता. शहरात इतरत्र पारा ४४ च्या आसपास होता, म्हणून चूक सापडली.

पण ३६ हजार किलोमीटर उंचीवर असा शेजार कुठून आणायचा? १२ सप्टेंबर २००२ ला इस्रोनं केवळ हवामानासाठीचा आपला पहिला उपग्रह सोडला, मेटसॅट. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यानाच्या अपघातात कल्पना चावला गेली आणि चारच दिवसांनी उपग्रहाला तिचं नाव मिळालं. बातम्यांतले ढग मग कितीतरी वर्षं ‘कल्पना’नंच दाखवले.

वर गेलेलं यंत्र हळूहळू मंदावतं, मापट्याला पोचा पडावा तसं. मग ढग खरंच विरळ झाले की यंत्राची नजर अधू झाली, हे कसं ओळखावं? उष्णता मोजणारा भाग एकदा थंडगार अवकाशाकडे बघतो, एकदा ठाऊक तापमानाच्या काळ्या पृष्ठभागाकडे. उजेड मोजणाऱ्या भागासाठी कच्छचं रण कामी येतं. मिठाची ती पांढरी जमीन शास्त्रज्ञ खाली उभं राहून मोजतात आणि उपग्रहाच्या आकड्याशी ताडतात.

२००५ पासून देशोदेशीचे उपग्रह एकमेकांशी ताडण्याचं कामही चालू आहे; त्यात भारत आहे. १९८३ चा इन्सॅट-१बी, मग कल्पना, मग २०१३ चा इन्सॅट-३डी: प्रत्येकाचं मापटं निराळं. ते जुळवल्याशिवाय विदर्भावरचे तेव्हाचे ढग आणि आजचे ढग शेजारी ठेवता येत नाहीत.